भिमाबाईचं प्रात्यक्षिक

उंद्रीहून चिखलीकडे निघालं, की गाव मागे पडता पडता एक पेट्रोल पंप लागतो. पंप दिसायच्या आधी ऐकू येतो, असं गावातले लोक म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. "ओ भाऊ, बंद करा पह्यले गाडी! उतरा खाली! त्या लेकराले बाजूले घ्या! फोन खिशात ठेवा, मंत्री लागून गेले का तुम्ही?" हा आवाज भिमाबाई गवईंचा. पन्नाशीला टेकलेली, काटक बाई. अंगात पंपाचा निळा सुती कोट, पायात बूट, आणि नजर अशी की समोरच्याचा हात आपोआप चावीकडे जावा.

गाडीवर बसल्या बसल्या पेट्रोल भरून घ्यायची सवय अख्ख्या जिल्ह्याला आहे. भिमाबाईसमोर मात्र नवरदेवालाही उतरावं लागलं होतं, मुंडावळ्यांसकट. कुणी कॅन पुढे केला तर ती सरळ नकार द्यायची. बाटली पुढे केली तर नकाराआधी चार शब्द ऐकवायची. मग एखादा जुना माणूस हसून म्हणायचा, "भिमाबाई, काल-परवापर्यंत तूच तं इकत होती ना वं बाटलीत!"

"इकत होती. अक्कल नव्हती तवा," ती म्हणायची आणि पुढच्या गाडीकडे वळायची.

ते खरंच होतं. पंप यायच्या आधी उंद्रीच्या स्टँडवर तिच्या नवऱ्याचं, इंद्रभानचं, पंक्चरचं दुकान होतं, आणि पंक्चरपेक्षा त्याचं बाटल्यांवर जास्त चालायचं. इंद्रभान मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून चिखलीहून पेट्रोल आणायचा. भिमाबाई ते नरसाळ्यानं पाण्याच्या बाटल्यांत ओतायची. फळीवर बाटल्यांची रांग लागायची. उन्हात त्या अशा चमकायच्या की परगावचा माणूस सरबत समजून थांबायचा. शेजारी नारायणरावांचं चहाचं हॉटेल होतं आणि त्यांची भट्टी सकाळपासून भणभणत असायची. इंद्रभानला विडीचा नाद. पण माणूस जबाबदार. विडी ओढायची झाली की तो बाटल्यांकडे पाठ करून बसायचा. एवढीच काय ती त्यांची सुरक्षा व्यवस्था होती.

इतक्या वर्षांत एकदाही काही झालं नाही. त्यामुळे पेट्रोल हा गरीब गाईसारखा पदार्थ आहे, अशी नवरा-बायको दोघांची खात्री पटली होती. पावसाळ्यात दुकान गळायचं, तेव्हा कॅन घरी यायचे आणि बाजेखाली सरकवले जायचे. त्याच बाजेवर त्यांची मुलगी मनाली झोपायची. अभ्यास करताना तिचं डोकं दुखायचं. भिमाबाई तिला म्हणायची, "जास्त वाचू नको बाई, डोयावर ताण येते."

मग पंप आला. चिखलीचे अनंतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, नीटनेटके, प्रत्येक गोष्टीला फलक लावणारे गृहस्थ. त्यांनी रस्त्याकडेचं शेत घेतलं, पंप उभा केला, आणि इंद्रभानचा धंदा एका महिन्यात अर्ध्यावर आला. भिमाबाई तणतणत पंपावर गेली. अनंतरावांच्या केबिनमध्ये उभी राहून तिनं त्यांना असं काही सुनावलं, की बाहेर पेट्रोल भरणारे लोक मीटरकडे बघायचं सोडून काचेतून आत बघायला लागले.

अनंतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पंपावर त्यांनी चार पोरं ठेवली होती; त्यांतल्या कुणाचाही आवाज गिऱ्हाइकापर्यंत पोचत नव्हता.

"बाई, नोकरी कराल का?" त्यांनी विचारलं.

भांडायला गेलेली भिमाबाई निळा कोट घेऊन घरी आली. इंद्रभान दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कोटाला इस्त्री करून दिली.

नोकरीच्या सुरुवातीला सगळ्या नव्या माणसांना खामगावला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला नेलं होतं. भिमाबाई तिथं जेवण चांगलं असतं म्हणून गेली. शिकवणाऱ्या साहेबानं एक लांब पत्र्याची पन्हळ तिरकी लावली. वरच्या टोकाला पेट्रोलचे थोडे थेंब टाकले आणि खालच्या टोकाला मेणबत्ती ठेवली. म्हणाला, "बघत राहा." वर पेट्रोल, खाली मेणबत्ती, मध्ये रिकामा पत्रा. सगळे बघत राहिले. आणि एकाएकी खालून वर जाळाची जीभ सरसरत गेली.

"पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते," साहेब सांगत होता. "आणि ती वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीवरून पाण्यासारखी वाहत जाते. तुम्हाला दिसत नाही, पण ती विस्तव शोधत फिरते." मग त्यानं प्लास्टिकच्या डब्यात कशी ठिणगी पडू शकते ते सांगितलं, टेरिकॉटसारख्या कृत्रिम धाग्याचे कपडे अंगावर का नकोत ते सांगितलं, गाडीवर बसून भरताना भडका उडाला तर टाकी मांड्यांच्या मध्ये असते हेही सांगितलं. भिमाबाईला त्यातलं निम्मंच कळलं. तिच्या डोळ्यांसमोर एक बाज होती, बाजेखाली कॅन होते आणि बाजेवर एक पोरगी डोकं दाबत भूगोल वाचत होती.

त्या दिवशी ती जेवली नाही. घरी येऊन तिनं इंद्रभानला सांगितलं, "हा धंदा बंद करा."

"काऊन?"

"पेटते ते."

"पेटतेच ना. नाही पेटलं तं गाडी कशी चालंन?" इंद्रभान म्हणाला. "इतके वर्सं झाले, काही झालं का?"

काही झालं नव्हतं हे तर तिनंही पाहिलं होतं. शेवटी कॅन घरात आणायचे नाहीत, एवढ्यावर तडजोड झाली. तिचा सगळा राग मग पंपावर निघू लागला. आणि त्यात एक गंमत अशी झाली, की भिमाबाई पंपावर बाटली घेऊन आलेल्या माणसाला हाकलून लावायची आणि तो माणूस सरळ स्टँडवर इंद्रभानकडे जायचा. फवारणीच्या पंपाला पेट्रोल लागणारा शेतकरी असो, वाटेत गाडी बंद पडलेला असो, सगळ्यांना तिथं बाटली तयार मिळायची. बायको जितकी कडक झाली, तितकं नवऱ्याचं दुकान सुधारलं. अर्ध्यावर आलेला धंदा पुन्हा उभा राहिला. लोकांना तर वाटायचं, दोघांनी मिळून ठरवूनच चालवलंय हे.

अशी काही वर्षं गेली. मनाली शिकली, तिचं लग्न झालं, ती संग्रामपूर तालुक्यात सोनाळ्याला गेली. सोनाळा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक, सातपुड्याच्या पायथ्याशी. "येऊ की एकदा," म्हणता म्हणता भिमाबाईचं तिकडे जाणं राहूनच जायचं. पंपाला सुटी नसते.

गेल्या उन्हाळ्यात वरून पत्र आलं, की पंपावर सुरक्षा सप्ताह साजरा करायचा. अनंतरावांच्या अंगात उत्साह संचारला. मांडव घातला. पत्रिका छापल्या: दीपप्रज्वलन, स्वागत, मार्गदर्शन, आग विझवण्याचं प्रात्यक्षिक, आभार, अल्पोपाहार. पंपावर दिवा लावायचा, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. सुरक्षेचा असला म्हणून काय झालं, कार्यक्रम तो कार्यक्रम. दिव्याशिवाय सुरू होईलच कसा?

आग विझवायची लाल नळकांडी धुऊनपुसून चकचकीत केली. प्रेमलाताईंनी, म्हणजे अनंतरावांच्या पत्नींनी, त्यांना हळदीकुंकू वाहिलं आणि झेंडूचे घसघशीत हार घातले. पंपावरच्या दोघी बायकांना, भिमाबाईला आणि तिच्यासोबतच्या अश्विनीला, त्यांनी त्या दिवसापुरत्या सारख्या साड्या आणल्या. गुलाबी, चमचमत्या, हात लावला की चरचर वाजणाऱ्या.

"निळा कोट बरा होता ताई," भिमाबाई म्हणाली.

"अगं, फोटो येणार आहेत पेपरात," प्रेमलाताई म्हणाल्या.

अनंतरावांनी तिला बाजूला घेतलं. "भिमाबाई, एक विनंती आहे. आज तुमचा आवाज नको. प्रमुख पाहुणे मोठे आहेत. आज कुणाला काही बोलायचं नाही. हसायचं फक्त."

भिमाबाईला हसायची सवय नव्हती, पण तिनं मान डोलावली.

प्रात्यक्षिकासाठी कढईएवढ्या पसरट तसराळ्यात पेट्रोल पेटवून ते विझवून दाखवायचं होतं. त्यासाठी बाटलीभर पेट्रोल हवं होतं. अनंतरावांनी माणूस पाठवला तेव्हा मशीनवर भिमाबाईच होती.

"बाटलीत देत नाही," ती म्हणाली.

"मालकानं सांगितलं!"

"मालकानंच फलक लावला. वाचून पाहा."

माणूस परत गेला. अनंतरावांनी फलकाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी वाद नको म्हणून माणसाला स्टँडवर पिटाळलं. अशा रीतीनं सुरक्षा सप्ताहाचं पेट्रोल इंद्रभानच्या फळीवरून आलं.

पाहुण्यांना उशीर होत होता. उन्हाचा कहर होता. बाटली उन्हात राहून फुगली होती. अनंतरावांनी तिचं झाकण काढलं, तेव्हा फस्स आवाज झाला. खामगावच्या प्रशिक्षणातला तोच साहेब आजही आला होता. त्याचं म्हणणं होतं, तसराळं मांडवाबाहेर, दूर मोकळ्यावर ठेवावं आणि पेट्रोल ऐनवेळी ओतावं. अनंतराव म्हणाले, "साहेब, पाहुण्यांना उन्हात कुठं नेता? त्यांना पुढं मेहकरला जायचंय. तयारी आधीच करून ठेवू." साहेबानं एकदा "पण" म्हटलं. त्यानंतर त्याला नारळपाणी दिलं गेलं.

म्हणजे मांडवात एका कडेला पेट्रोलनं भरलेलं उघडं तसराळं, त्याच्याजवळ झाकण काढलेली अर्धी बाटली, दुसऱ्या कडेला समई, आणि पाहुण्यांना घाम येऊ नये म्हणून त्यांच्या दिशेनं वळवलेला मोठा पंखा. पंखा तसराळ्याच्या मागे होता. भाषणं सुरू झाली, कारण पाहुणे येईपर्यंत वेळ घालवायचाच होता. विक्री थांबली होती, पण पाहुण्यांची गाडी आल्यावर मशीनजवळच्या सावलीत लावायची म्हणून ती जागा मोकळी ठेवली होती.

भिमाबाई समईपाशी फुलांचं ताट घेऊन उभी होती. तिला वास आला. तो वास तिच्या अर्ध्या आयुष्याच्या ओळखीचा होता; नाकात बसलेला, कपड्यांत बसलेला. पण तो आज नको तिथून, पायांच्या बाजूनं येत होता. तिनं खाली पाहिलं. खाली काही नव्हतं, हिरवं जाजम होतं. तिला खामगावचा पत्रा आठवला. तिचं तोंड उघडलं.

समोरून अनंतरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हसण्याची खूण केली.

इथं इतके शिकलेले लोक बसलेत, तिनं मनाशी म्हटलं. खुद्द साहेब बसलाय, ज्यानं आपल्याला शिकवलं. त्याले समजत नसंन का? आणि भिमाबाईनं तोंड मिटलं. पंपावर लागल्यापासून ती गप्प बसली, ती याच एका वेळेला.

पाहुणे आले. टाळ्या झाल्या. त्यांच्या हातात पेटती मेणबत्ती दिली गेली. त्यांनी वाकून समईच्या पहिल्या वातीला ज्योत लावली, फोटोवाल्यांकडे पाहिलं, दुसऱ्या वातीला लावली.

भक्क!

आवाज मोठा नव्हता. कुणीतरी जाडजूड चादर झटकावी तसा. जाजमावरून एक निळसर झुळूक समईपासून तसराळ्यापर्यंत धावली आणि तसराळ्यातून पुरुषभर जाळ उठला. बाटलीच्या तोंडावरही एक छोटी ज्योत आली, अगदी समईसारखीच शांत.

मग मांडवात जे व्हायचं ते झालं. खुर्च्या उलटल्या. साहेब नळकांड्याकडे धावला. त्याची पिन झेंडूच्या हाराखाली होती, आणि हार सुतळीनं पक्का गाठ मारून बांधलेला. तो गाठ सोडवू लागला. अश्विनी धावत गेली आणि तिनं सगळ्या पंपाचं मुख्य बटण बंद केलं. हे त्या दिवशी सुचलं ते तिला एकटीला. ज्यांच्या खिशात फोन होते त्यांनी ते बाहेर काढले, पण मदत मागायला नाही, शूटिंग करायला.

भिमाबाईनं ताट टाकलं. वाळूची बादली उचलली आणि तसराळ्यावर रिकामी केली. दुसरी उचलली, तीही रिकामी केली. त्या वाळूत ट्रकवाल्यांनी वर्षभर टाकलेल्या गुटख्याच्या पुड्या, विड्यांची थोटकं, सगळं होतं. ते सगळं उडालं आणि त्यातलं बरंच पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या कपड्यांवर बसलं. जाळ दबला. राहिली बाटली. तिला लाथ मारावी तर पेट्रोल पसरणार, उचलावी तर हातात फुटणार. भिमाबाईनं रिकामी बादली बाटलीवर पालथी घातली आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरली. साडीचा पदर कधी खाली लोंबला, कधी त्यानं पेट घेतला, तिला कळलं नाही. ती साडी जळली नाही, वितळली. आणि वितळून डाव्या हाताला चिकटली.

तशात तिची नजर वर गेली. प्रमुख पाहुणे पळत होते. त्यांच्या गाडीकडे पळत होते, म्हणजे पेट्रोलच्या मशीनकडे. आणि त्यांच्या हातात मेणबत्ती तशीच पेटती होती.

"ओ पाहुणे!" भिमाबाईचा आवाज असा फुटला की रस्त्यावरची एस.टी. हळू झाली. "मेणबत्ती! विझवा ते मेणबत्ती पह्यले!"

पाहुणे जागच्या जागी थबकले. त्यांनी हातातल्या मेणबत्तीकडे पाहिलं आणि शाळकरी पोरासारखी आज्ञाधारकपणे फुंकर मारली.

अश्विनीनं पायपुसणं आणून भिमाबाईच्या हातावर दाबलं आणि मग पाणी ओतलं. साहेबाची गाठ सुटली. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली.

ते बिचारे पत्रिका वाचून आलेले लोक होते. पत्रिकेत प्रात्यक्षिक लिहिलं होतं. एकाची टाळी ऐकून दुसऱ्यानं वाजवली, आणि बघता बघता मांडव दणाणला. "वा! अगदी खरं वाटलं!" कुणीतरी म्हणालं. अनंतरावांचा चेहरा पांढरा फटक पडला होता. पण तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. कागद आपल्या बाजूनं आहे हे त्यांनी ओळखलं. त्यांनी पडलेला माईक उचलला, घसा साफ केला आणि म्हणाले, "तर मंडळी, हे होतं आपलं प्रात्यक्षिक."

पाहुण्यांनाही ते पटलं. न पटून सांगतात कुणाला? पळालेल्या माणसाला, आपण प्रात्यक्षिकात भाग घेत होतो, हे समजलं तर बरंच वाटतं.

चिखलीच्या डॉक्टरांनी हाताला चिकटलेला गुलाबी थर काढायला बराच वेळ घेतला. भिमाबाई दात आवळून पडली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं हे?"

"घरी, चूल पेटवताना," अनंतराव पटकन म्हणाले.

"माह्या घरी गॅस हाय," भिमाबाई डोळे मिटूनच म्हणाली. "सिलिंडरवाला. तिथं मी कधीच भाजली नाही."

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि पट्टी बांधायला घेतली. अनंतराव बाहेर येऊन बाकावर बसले. ते वाईट नव्हते. पुढचे आठ दिवस ते रोज डबा घेऊन आले, प्रेमलाताईंनी स्वतः केलेला. एकदा तर त्यांचे डोळे भरून आले. पण अपघात झाला असं कुठंच लिहिता येत नव्हतं, कारण अपघात झालेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी होती: पंपावर आगीचं थरारक प्रात्यक्षिक, प्रमुख पाहुण्यांचाही उत्स्फूर्त सहभाग. फोटोत भिमाबाई बादलीवर वाकलेली होती आणि तिच्या मागे फलक होता, मोबाईल वापरण्यास मनाई.

पुढे वरून प्रमाणपत्र आलं. सोनेरी कडा, खाली सही. उत्कृष्ट व वास्तवदर्शी प्रात्यक्षिक सादर केल्याबद्दल श्रीमती भिमाबाई इंद्रभान गवई यांचा गौरव. अनंतरावांनी ते चौकट करून घरी पोचवलं. भिमाबाई तेव्हा आत झोपली होती. इंद्रभाननं ते घेतलं.

इंद्रभानचं या सगळ्यात काय चाललं होतं, हे सांगणं अवघड आहे. बाटली आपल्या फळीवरून गेली, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो बायकोला गोळ्या द्यायचा, भाकरी करायचा, भाकरी जळायची. एकदाच अश्विनी भेटायला आली असताना तो म्हणाला, "पेट्रोल चोख होतं म्हणून असं भडकलं." अश्विनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेर गेला.

बरं वाटू लागल्यावर भिमाबाई पायी स्टँडवर गेली. दुकानासमोर एक अनोळखी माणूस बाटली घेत होता. फळीवर नेहमीची रांग होती. आणि रांगेच्या वर, बुद्धाच्या फोटोशेजारी, सोनेरी कडांची चौकट लटकत होती.

"लायसन हाय का हे?" माणसानं चौकटीकडे बोट दाखवून विचारलं.

"सुरक्षेचं हाय," इंद्रभान म्हणाला. "वरून आलेलं."

मग त्याला भिमाबाई दिसली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं चौकट काढली, काखेत मारली, आणि उजव्या हातानं त्या माणसाची बाटली काढून घेतली. "जा भाऊ. दुकान बंद झालं."

माणूस गेला. नारायणरावांची भट्टी भणभणत होती. इंद्रभान जमिनीकडे बघत उभा राहिला.

"तुह्या अभिमानानंच लावलं वं ते," तो म्हणाला.

"माहीत हाय."

"आता ह्या बाटल्यांचं काय करू? नालीत ओतू?"

"नालीत ओतून अख्खं गाव पेटवता का?" भिमाबाई म्हणाली. "गाडीत टाका. आपल्याले मनालीकडे जायाचं हाय."

फळीवरच्या दोन बाटल्यांतलं पेट्रोल, तेवढं पुरेल अशा अंदाजानं, दुसऱ्या दिवशी मोटारसायकलच्या टाकीत गेलं. इंजिन बंद करून, गाडी मोकळ्या जागेत उभी करून, विडी घरी ठेवून. उरलेलं शेजारपाजारच्या गाड्यांत गेलं. लोकांना फुकट मिळालं म्हणून त्यांनी जास्त विचारलं नाही. कॅन चेपले. फळीवर फक्त ट्यूब आणि हवा भरायचा पंप राहिला.

दोघं सोनाळ्याला निघाले. खामगाव गेलं, शेगाव गेलं. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. वरवट बकालच्या अलीकडे भिमाबाईनं इंद्रभानच्या खांद्यावर हात मारला. "थांबवा."

"काऊन? काही पडलं का?"

ती उतरली, कडुनिंबाखाली जाऊन बसली आणि तिचं अंग कापायला लागलं. इतके दिवस कापलं नव्हतं. मांडवात नाही, दवाखान्यात नाही. आता दोन्ही हात धरून ठेवले तरी थांबेना. दात वाजू लागले, भर उन्हाळ्यात. इंद्रभान घाबरून तिच्याजवळ उकिडवा बसला.

"ते बाजेखालचं," ती म्हणाली. "पोरीचं डोकं दुखे तवा मी म्हणो, डोयावर ताण येते."

इंद्रभाननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. इतके वर्सं काही झालं का, हे त्याचं वाक्य ठरलेलं होतं. ते आलं नाही. त्यानं तिचा भाजलेला हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला, आणि ती थांबेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले. येणारे-जाणारे गाडी हळू करून पाहत होते.

संग्रामपूर मागे पडलं. सातपुडा समोर आला, निळा आणि मोठा. सोनाळा अगदी दिसायला लागलं आणि मोटारसायकल दोन आचके देऊन बंद पडली. इंद्रभाननं टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. काटा त्यानं निघाल्यापासून पाहिलाच नव्हता. आयुष्यभर पेट्रोल विकणाऱ्या माणसाला ते संपतं हे लक्षात राहत नाही.

शेतातून एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येत होती. तिनं विचारलं, "संपलं का? समोरच्या वळणावर किराणा हाय ना, तिथं बाटलीत भेटते. चांगलं राह्यते."

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. मग इंद्रभान हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. भिमाबाईलाही हसू आलं, आणि त्या बाईला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं यांचं.

"ढकला," भिमाबाई म्हणाली, आणि उजव्या हातानं मागून जोर लावला.

मनालीच्या दारात दोघं पोचले तेव्हा घामानं चिंब होते. मनाली पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "बाबा, गाडी ढकलत काऊन आणली?"

"अवं, तुह्या मायनं गाडी बंद करायले सांगितलं," इंद्रभान म्हणाला, "मंग चालू करायची परवानगीच देल्ली नाही."

मनालीला काही कळलं नाही. भिमाबाई ओट्यावर टेकली आणि तिनं मुलीला जवळ ओढून तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ.

"आई, काय पाहतं?"

"काही नाही. दुखते का अजून?"

"काय दुखते? मले काही झालंच नाही," मनाली म्हणाली.

सोमवारी भिमाबाई पुन्हा पंपावर हजर झाली. अनंतरावांनी तिला नवा कोट दिला, सुती.